अम्माचा पुरावा

गावात मुक्तिसंग्रामाच्या पंचाहत्तरीला लढलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं, तेव्हा माझी अम्मा नव्वदीच्या पुढं गेली होती. उभ्या आयुष्यात तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. ना पेन्शन, ना मानपान. त्या दिवशी मात्र म्हणाली, "माझं नाव घाला म्हणावं त्यात." मला वाटलं, एवढं तर कुणीही देईल. मीच मूर्ख.

आम्ही मणेर, बांगड्या भरणारे. अणदूरच्या बाजूच्या चार-पाच गावांतल्या बायकांचे हात अम्माला त्यांच्या तोंडांपेक्षा जास्त ओळखीचे. चुडा भरून झाला की बाई आधी देवाला हात जोडायची आणि मग अम्माच्या पाया पडायची. सोवळ्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा वाकायच्या. रीतच होती तशी. त्यानं कुणाचा देव बाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

निजामाच्या राज्यात सोलापूर म्हणजे परका मुलूख. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. अम्मा पंधरा-सोळा वर्षांची, नवीनच लग्न झालेली, सासूबरोबर सोलापूरहून माल आणायला जायची. शेवटच्या वर्षी त्या नाक्यावर रझाकार बसायला लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती सुरू झाली. हद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचा कॅम्प होता. गावातून तिकडं निरोप जाईनात. तेव्हा शाळेतले मास्तर आमच्या दारात आले आणि अम्माच्या सासूला म्हणाले, "तुमच्या टोपलीला कोन हात लावनार न्हाय."

खरंच कुणी लावला नाही. बुरख्यातली बाई, डोक्यावर बांगड्यांची टोपली. नाक्यावरचे म्हणायचे, "अपनीच औरत है, जाने दो." टोपलीत गवत, गवतात बांगड्या आणि बांगड्यांच्या खाली चिठ्ठी. वर्षभर अम्मा ही कामं करत होती. सापडली असती तर 'अपनी' म्हणून कुणी सोडली नसती, उलट जास्त हाल केले असते. मास्तरांची एकच ताकीद होती, चिठ्ठी पोचली की तिकडचे ती जाळतील आणि तू कुणापाशी तोंड उघडायचं नाही. चिठ्ठ्या जळाल्या. अम्मानं तोंड उघडलं नाही.

मग फौज आली, निजाम गेला आणि रझाकारांवरचा राग आमच्यासारख्यांवर निघाला. अम्माचा धाकटा भाऊ गाद्यांचा कापूस पिंजायचा. कधी काठी हातात धरली नव्हती त्यानं. त्याला घरातून ओढून नेलं, तो परत आला नाही. नेणाऱ्यांच्या पुढं गावचा पाटील होता. तोच पाटील त्याआधी वर्षभर रझाकारांना वाड्यावर जेवू घालत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. अम्मा पुढं त्याच्याच सुनांना बांगड्या भरायची. "हातांचा काय गुन्हा," म्हणायची. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मी असते तर टोपली त्या वाड्याच्या पायरीवर आपटली असती.

तर दगडाच्या कमिटीचे मुख्य होते गुरुजी, त्या मास्तरांचे थोरले चिरंजीव. रिटायर्ड हेडमास्तर. मी ग्रामपंचायतीत गेले, अम्माचं सगळं सांगितलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, मला काय म्हायती न्हाय व्हय? पन पुरावा पायजे."

"कसला पुरावा?"

"लेखी. एखादी चिठ्ठी, कागद."

"तुमच्याच वडिलांनी जाळायला लावल्या होत्या, गुरुजी."

शेजारी बसलेला एकजण म्हणाला, "रझाकारांच्या लोकांचं नाव त्यांच्याच विरुद्धच्या दगडावर? लोक हसतील आमाला." बाकीची अकरा नावं कोणत्या कागदावरून घेतली, असं मी विचारलं. घरच्यांनी सांगितली, म्हणाले. म्हणजे त्यांच्या घरच्यांची जीभ चालते आणि माझ्या अम्माला कागद लागतो. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. पण बोलणार काय? बोललं की लगेच ऐकावं लागतं, लई वाटत असंल तर जावा की तिकडं. तिकडं म्हणजे कुठं? माझी अम्मा वर्षभर हद्दीपलीकडं गेली, ती यांचा देश एक व्हावा म्हणून. आणि दर खेपेला परत इथंच आली.

गुरुजी मला पोचवायला दारापर्यंत आले. हळूच म्हणाले, "कार्यक्रमाला त्यांना घिऊन या. स्टेजवर बसवू. मुस्लिम भगिनींच्या वतीनं सत्कार करू. शाल-श्रीफळ." मी म्हटलं, "तिला शाल नको, नाव पाहिजे." ते म्हणाले, "समजून घ्या. नवी पोरं ऐकत न्हाईत." पोटात एक आणि ओठात एक अशी माणसं मला चालतात. यांच्या पोटात खरं होतं हे मला माहीत होतं, म्हणून जास्त चीड आली.

अम्माला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

दगड बसला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. तो पाटलाच्या नातवानं दिला, म्हणून बारावं नाव त्याच्या आजोबांचं. कमिटीला त्याच्यासाठी पुरावा लागला नाही. त्या दिवशी सत्काराला आम्ही गेलो नाही. पण आठ दिवसांनी अम्मानं हट्टच धरला, मला तिथं ने. दुपारी चौकात कुणी नसतं, तेव्हा रिक्षानं नेलं. तिला अरबी वाचता येतं, मराठी अक्षर ओळखता येत नाही. मी एकेक नाव वाचायला लागले. ती प्रत्येकाला काहीतरी म्हणत होती. हा भला माणूस. ह्याची बायको लई गुणाची, बांगडीचं माप सव्वादोन. मास्तरांच्या नावाला तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. अकरा नावं वाचून मी थांबले. बारावं मला तोंडानं घ्यायचं नव्हतं.

अम्मा म्हणाली, "मेरा नाम है क्या गे उसमें?"

मी म्हणाले, "है अम्मा. सबसे आखिर में है."

तिनं हात पुढं केला. मी तो धरायला हवा होता. मी धरला नाही. तिनं चाचपत खालची ओळ शोधली आणि त्या पाटलाच्या नावावरून बोट फिरवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, सावकाश. मग तेच बोट ओठांना लावलं.

"भाई देखता तो खुश होता," म्हणाली.

तेव्हापासून दर शुक्रवारी ती मला तिथं न्यायला सांगते, आणि मी नेते.