एका हाताची फुगडी

माझ्या नणंदेचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशनचे फॉर्म लावत होते. वन्संनी सांगितलं, की लेकीची पहिली मंगळागौर हॉलवर करायची ठरलंय. खेळ करायला पैसे देऊन ग्रुप सांगितलाय. त्या बाराजणी एकसारख्या नऊवारीत येतात, स्वतःचा स्पीकर आणतात, आणि आपण फक्त खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. मग म्हणाल्या, "एक फुगडी मात्र आपण दोघी घालायची."

मी हो म्हटलं. वन्संना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि गेल्या दीड वर्षात तर नव्हतीच.

दीड वर्षापूर्वी त्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. डावी बाजू. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. पुढचे सगळे उपचार झाले, केस गेले, आले, रिपोर्ट चांगले आले. पण डावा हात सुजायचा, त्यावर सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही चढवावी लागायची, आणि त्या हाताने जड काही उचलायचं नाही असं सांगितलेलं होतं. वन्संनी फुगडीचं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर मराठी नव्हते, म्हणून केबिनमध्येच नर्सचा हात धरून अर्धी फुगडी घालून दाखवली. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताने चालेल, थोडाच वेळ, आणि समोरची व्यक्ती भरवशाची हवी. समोरची व्यक्ती म्हणजे मी.

आमची जोडी जुनी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या मंगळागौरीला सगळ्या बायका सासरच्या, ओळख कुणाशीच नाही, आणि मी भिंतीला टेकून उभी. वन्संनी येऊन हात पुढे केले. त्यानंतर नात्यात कुणाचीही मंगळागौर असली की आमची फुगडी ठरलेली. मग माझे गुडघे आले, त्यांची नोकरी आली, आणि दहा-बारा वर्षं आम्ही दोघी टाळ्या वाजवणाऱ्यांत गेलो.

दोन हातांच्या फुगडीत भार वाटला जातो. एका हाताच्या फुगडीत दुसरा हात कमरेवर, आणि सगळा भार एका मनगटावर. सुटलं तर एक जण या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला. माझं मनगट तेव्हा लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उघडत नव्हतं. मी चोपन्न वर्षांची होते, वन्सं एकसष्ट. त्या डाव्या अंगावर पडल्या तर काय होईल, याची मला भीती वाटत होती, आणि ती भीती श्रावणापर्यंत, म्हणजे पुढचे चार महिने, माझ्याबरोबर ऑफिसला येत-जात राहिली.

भाचीला, म्हणजे वन्संच्या याच लेकीला, हे कळलं. ती खराडीला आयटी कंपनीत आहे, त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. तिने मला वाढदिवसाची भेट म्हणून आमच्या घराजवळच्या ग्रुप वर्कआऊटचा महिन्याचा पास दिला. माझा वाढदिवस पाच महिन्यांनी होता.

क्लास एका इमारतीच्या तळघरात होता. पूर्वी तिथे साड्यांचा सेल लागायचा. गर्दी, घाम आणि धापा टाकणं तेव्हाही एवढंच होतं, फक्त येताना हातात साडी असायची. चाळीस सेकंद जीव तोडून व्यायाम, वीस सेकंद विश्रांती, पुन्हा चाळीस सेकंद. भिंतीवर मोठं घड्याळ, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि शिकवणारी मुलगी ओरडून सांगायची की शेवटचं एक. शेवटची साधारण सहा व्हायची. एक प्रकार मला ओळखीचा वाटला. खाली वाकायचं, हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला लावायची, उठून उडी मारायची. सूर्यनमस्कारच, पण सूर्य बुडायच्या आत उरकायचे असल्यासारखे.

मला सगळ्यात जड गेलं ते कौतुक. "सुपर, मॅम! अमेझिंग!" असं ती मुलगी म्हणाली तेव्हा मी जमिनीवर पालथी पडलेली होते आणि उठण्याचा माझा काही विचार नव्हता. पुण्यात एवढं कौतुक माणूस गेल्यावरच होतं. मी मान उचलून पाहिलं, नक्की मलाच म्हणतेय का.

खोटं कशाला बोलू, फायदा झाला. तीन आठवड्यांत ऑफिसचे दोन मजले मी न थांबता चढायला लागले. पण बरणीचं झाकण होतं तिथेच होतं. मी त्या मुलीला मनगटाचं विचारलं, तर ती म्हणाली की ओव्हरऑल फिटनेस वाढला की सगळंच वाढतं. वीसजणी एका खोलीत होतो, पण कुणाचा कुणाला हात लागत नव्हता. शेवटी एकमेकींना टाळी द्यायची, तेवढाच काय तो स्पर्श, तोही ओला.

आमच्या ऑफिसातले शिपाई लोणी काळभोरहून येतात. तरुणपणी कुस्ती खेळलेले, आता निवृत्तीला आलेले. वरच्या फळीवरचा रजिस्टरांचा गठ्ठा काढताना माझ्या हातून निसटला आणि त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

"मॅडम, मनगाट लई कच्चं हाय तुमचं."

मी त्यांना क्लासचं सांगितलं, फुगडीचंही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"उड्या मारून मूठ कशी यील? लटकायचं. रोज सकाळी दांडीला लटकायचं, आन् बैठका मारायच्या. आपलंच वजान आपल्याला पेलंना, तर दुसऱ्याचं काय पेलनार?"

हे मला पटलं. महिना संपल्यावर भाची पास वाढवून द्यायला निघाली, तेव्हा मी नको म्हटलं. दोन्ही करणं माझ्या गुडघ्यांना मान्य नव्हतं.

"अगं मामी, एकटीने नाही होत. ग्रुपमध्ये मोटिव्हेशन असतं."

"मला भीती आहे," मी म्हटलं. "तेवढी पुरते."

आमच्या सोसायटीच्या बागेत मुलांसाठी लोखंडी दांडी आहे. मुलं यायच्या आत, सकाळी सहाला मी तिला लटकायला लागले. पहिल्या दिवशी चार आकडे मोजले आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी पाच. रोज फेऱ्या मारणारे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ आठवडाभर नुसते बघत होते. आठव्या दिवशी थांबून म्हणाले, "ऊन गच्चीवर चांगलं मिळतं. इथे वाळणार नाही."

मी लटकलेलीच होते, त्या दिवशी दोन आकडे जास्त मोजले.

बैठका मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून सुरू केल्या, कुकरच्या एका शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत. ज्येष्ठात ओटा सोडला. आषाढात दांडीवर चाळीस आकडे झाले. एक दिवस बरणीचं झाकण उघडलं आणि घरात कुणी नव्हतं, म्हणून परत लावून ठेवलं आणि संध्याकाळी नवऱ्यासमोर पुन्हा उघडलं. ते म्हणाले, "सैल होतं." मी ऑफिसात शिपायांना चाळीस आकड्यांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडचं कौतुक एवढंच होतं आणि मला ते बरोबर मापाचं वाटलं.

मी वन्संना म्हटलं, एकदा घरी घालून बघू या. त्या म्हणाल्या, "फुगडीची कसली तालीम? लग्नाची करतात का?"

मंगळागौरीच्या दिवशी हॉलवर मी सकाळपासून वन्संच्या मागेमागे होते. मीच नव्हे, सगळेच. पूजेची परात उचलायला त्या वाकल्या, जावयाने ती काढून घेतली. पायरीवर भाचीने कोपर धरलं. दुपारी कुणाला पाणी द्यायला त्यांनी तांब्या उचलला, तो मीच त्यांच्या हातातून घेतला. दीड वर्षात त्यांनी अशा वेळी काही बोलणं सोडलं होतं, आणि आम्हाला वाटत होतं की त्यांना बरं वाटतंय.

ग्रुपच्या बायका खरोखर उत्तम खेळल्या. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सगळं घड्याळ लावल्यासारखं. हॉलच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, खेळ सातला बंद, सव्वासातला पानं मांडणार. सातला पाच कमी असताना वन्सं उठल्या, साडीचा पदर खोचला आणि मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. बाही चढवलेला डावा हात कमरेवर, उजवा पुढे. मी गेले आणि धरला.

धरला म्हणजे असा धरला, की दांडी असती तर वाकली असती. पाय रोवले, पाठ ताठ ठेवली, मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. फुगडी फिरेना. अरुंद बोळात रिक्षाला वाट देतात तशा आम्ही दोघी कडेकडेने सरकत होतो. बायका ताल धरून टाळ्या वाजवत होत्या, तो तालही बिचारा घुटमळायला लागला. दोन फेऱ्यांनंतर वन्सं थांबल्या. हात सोडला नाही.

"तू मला धरून ठेवलंयस," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मग काय करू?"

"मागे झुक. भार टाक माझ्यावर."

"वन्सं, तुमचा हात..."

"हा उजवा आहे." त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या, भाजीला मीठ कमी आहे हे सांगावं तशा. "दीड वर्ष सगळे मला धरतायत. जिन्यावर धरतात, रिक्षात चढताना धरतात. तांब्या उचलला तर तो काढून घेतात. तूसुद्धा. माझ्या हाताचा आधार घेऊन कुणी उभं राहिलं नाही एवढ्या दिवसांत. मी काय टाळ्या ऐकायला उठले का? टाक भार."

मला रडू आलं, पण मॅनेजर दारात उभा होता आणि सातला तीन मिनिटं उरली होती.

चार महिने मी पेलायला शिकले होते. चाळीस सेकंद, चाळीस आकडे, बैठका, शिट्ट्या. स्वतःचं वजन दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं, याचा एकही दिवस सराव केला नव्हता. मी पावलं त्यांच्या पावलांजवळ नेली आणि मागे झुकले. आधी थोडी. त्या हलल्या नाहीत. मग आणखी, इतकी की हात सुटला असता तर मी पाठीवर आपटले असते. त्यांच्या बोटांनी माझं मनगट आवळलं, अगदी माझ्या मंगळागौरीला आवळलं होतं तसं, आणि त्याही तेवढ्याच मागे गेल्या.

मग फुगडी फिरली. किती फेऱ्या झाल्या याबद्दल एकमत नाही. भाची नऊ म्हणते, व्हिडिओत सहा दिसतात. मी मोजल्या नाहीत.

थांबलो तेव्हा दोघींना धाप लागली होती, आणि धाप माझ्यापेक्षा त्यांना कमी होती. ग्रुपमधल्या एका बाईने मला विचारलं, आपण कुठल्या क्लासला जाता? मी म्हटलं, नणंदेकडे.

सव्वासातला पानं मांडली. भाजणीचे वडे, मटकीची उसळ. आम्ही सगळ्या बसलो आणि वन्सं पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत आल्या. काठोकाठ भरलेला होता. भाची अर्धी उठली, तिला मी हात धरून खाली बसवलं. वन्सं एकेकीचं भांडं भरत माझ्यापर्यंत आल्या, माझंही भरलं, थोडं पाणी पानावर सांडलं. मी तांब्याला हात लावला नाही. मी पाणी प्याले, आणि भांडं पुन्हा पुढे केलं.