मोरराणीचा शेवटचा डबा

"मंग लांडोरीची बाई झाली का नाई? तेवढं सांग."

"सांगतो नं आत्याबाई, बसू तं द्या. चहा घ्या आधी."

"चहा गेला चुलीत. झाली का नाई?"

सोजराबाई बाजेवर उठून बसायची धडपड करत होती, पण कंबर साथ देत नव्हती. दिवाळीत विहिरीच्या पायरीवर घसरली, तेव्हापासून तिचं सगळं जग त्या बाजेवर आलं होतं. उजव्या हाताची मूठ मात्र घट्ट आवळलेली. शालूबाईनं सासूच्या त्या मुठीकडं पाहिलं आणि चहाची बशी तशीच हातात धरून ठेवली.

मुठीत ज्वारीचे दाणे होते. व्रताची कहाणी ऐकताना बायांनी मुठीत दाणे धरायचे आणि कहाणी पुरी झाली की देवापुढं वाहायचे, ही गावची रीत. 'मोरराणी' सिनेमाचा पहिला भाग चिखलीच्या बाजारात तंबूत लागला, तेव्हा सोजराबाई बायांसोबत बंडीत बसून गेली होती. राजा, राणी, शाप, वनदेवी, सगळं कहाणीसारखंच, म्हणून तिनं पदराच्या गाठीतले दाणे सोडून मुठीत घेतले. शेवटी राजकन्या तान्हं लेकरू मागं ठेवून लांडोर होऊन उडाली आणि 'पुढची गोष्ट दुसऱ्या भागात' असं पडद्यावर आलं. बाया लुगडी झटकून उठल्या. सोजराबाईनं दाणे पुन्हा पदराला बांधले. तेव्हापासून लुगडी विटली, फाटली. गाठ एका पदरातून दुसऱ्या पदरात जात राहिली.

"अर्धी कहाणी हातात ठेवून मरावं कसं वं?" असं ती म्हणायची.

आता दुसरा भाग आला, तर तिचा पायच निघेना. म्हणून शालूबाई गेली. शालूबाई म्हणजे वांग्याच्या वाफ्यात उन्हं काढणारी बाई, सिनेमाचं तिला काही नवल नव्हतं. गाणं लागलं की ती हमखास झोपायची. सासूनं निघताना बजावलं, "डोळा लावू नोको. अन् मनचं काई घालू नोको." शालूबाई स्वतःला चिमटे घेत जागी राहिली.

तंबूत मधल्या कनातीच्या एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं. लांडोर गाऊ लागली तसा गावचा शिंपी भाऊराव ओरडला, "अबे, हिचा गळा तं मागच्या भागात वनदेवीनं नेला होता! आता कोठून आणला?"

"दुसरा शिवला असंन तुह्यासारख्यानं!"

"लांडोर हाय तं अंडं दे म्हणा!"

सगळा तंबू हसला. कनातीच्या अलीकडून, बायांतून, गावच्याच मनकर्णाबाईचा आवाज चढला, "हसून काय राह्यले? हे झाडावर बसून गाते, तिकडं तिच्या लेकराले दूध कोणं पाजलं? ते सांगा!"

भाऊरावानं बिडी पेटवली.

मग तळ्याच्या काठी राजपुत्रानं बाण लावला. समोर लांडोर नाचते आहे, ती आपलीच बायको, हे त्याला ठाऊक नाही. त्यानं दोरी कानापर्यंत ओढली, आणि पडदा पांढराफटक झाला.

तंबूवाला पुढं येऊन हात जोडू लागला. रिळाचा शेवटचा डबा आधीच्या मुक्कामी, नांदुऱ्यालाच राहिला, गाडीत चढवलाच नाही म्हणे. पडद्यावर चपला गेल्या. त्यानं मुकाट्यानं पहिलं गाणं परत लावलं, तशी लोकांनी चपला शोधल्या आणि बसून तेही पाहिलं.

सकाळी तंबू उठला. शालूबाई येष्टीच्या स्टँडवर नांदुऱ्याला शेवट पाहिलेलं माणूस शोधत फिरली. एक कांद्याचा व्यापारी भेटला. तो म्हणाला, शेवटी शेवटी आपला डोळा लागला होता. कंडक्टर म्हणाला, बाण लागला, मेली बिचारी. ड्रायव्हर म्हणाला, कायची मेली, तो राजपुत्रच मोर झाला. दोघांची तिथंच जुंपली. शालूबाई गाडीत जाऊन बसली.

आणि आता ही मूठ.

"झाली आत्याबाई," ती म्हणाली. "बाण हुकला. बाई झाली."

"लुगडं कोणतं होतं अंगावर?"

"हिरवं."

"पाखराची बाई झाली, अन् लुगडं कोठून आलं? कोणं देलं?"

शालूबाई बशीतला चहा फुंकू लागली.

"लेकरू कोणापाशी होतं?"

शालूबाईनं चहाची बशी खाली ठेवली. "शेवटचा डबाच आला नाई, आत्याबाई."

"मंग आणा म्हणा."

दारात वांग्यांची पोती शिवत बसलेला निवृत्ती, सोजराबाईचा लेक, तिथूनच म्हणाला, "माय, तंबू गेला. आता कोणाले म्हणू? मले काय तो डबा बाजारात भेटते?"

"द्या इकडं दाणे," शालूबाई हळूच म्हणाली. "मी वाहतो देवाले. देवाले समजते."

सोजराबाईनं मूठ छातीशी ओढून घेतली. "अर्धीवर वाहत नसतेत." मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. तिच्या पाठीची हाडं लुगड्यातून दिसत होती.

शालूबाईनं चहाची बशी उचलून मोरीत ठेवली.

"बंडी भरायची हाय वं," निवृत्ती म्हणाला. "वांगे तसेच हायेत झाडाले."

तिनं टोपलं उचललं. वाफा घरामागंच होता. देठाचे काटे बोटाला लागत होते, ती तोडत होती. पहिली ओळ संपत आली तेव्हा घरातून आवाज आला.

"शालू! बाण सुटला का नाई, तेवढं तं पाह्यलं असंन?"

"नाई वं आत्याबाई," ती वाकल्या वाकल्या ओरडली. "नुसता ओढून धरला होता."

घरात सोजराबाई दाणे पुन्हा पदराला बांधत होती. तिनं टोपलं सरकवलं आणि दुसऱ्या ओळीला लागली.