तळव्याला कळतं तेव्हा

पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकणाऱ्या वहिनींची गाडी मैदानात पाचव्यांदा बंद पडली. बूट घालूनच चालवायची, हा माझा आग्रह. त्या चिडून खाली उतरल्या, बूट काढले आणि अनवाणी येऊन बसल्या.

“तीस वर्षं शिलाई मशीन असंच चालवलंय मी. पायाला कळल्याशिवाय मला कळत नाही, भाऊजी.”

खरंच, ओली फरशी, तापलेली गच्ची आपल्या आधी तळव्यालाच कळते. आणि शिकायची वेळ आली की आपण त्यालाच झाकून टाकतो.

क्लच हळूच सुटला. गाडी धक्का न देता निघाली. मी मागे वळून पाहिलं, तर दाराबाहेर काढून ठेवावेत तसे त्यांचे बूट मैदानातच राहिले होते, जोडीने.

सांगणार होतो. पण वहिनींनी पहिल्यांदाच दुसरा गिअर टाकला होता.