'नाय'चा संपादक

भिवाकाका कागदावर कधी लिहीतच नसत. दहिवलीच्या आपल्या छापखान्यात ते खिळ्यांच्या खणाखणांच्या केससमोर उभे राहत आणि डोक्यातला अग्रलेख थेट शिशाच्या अक्षरांत जुळवत. "कागदावर माणूस नटतो रं," म्हणायचे. "खिळा खिळा वेचायला लागला, की खोटं बोलायचा कंटाळा येतो."

मी युवक मंडळाची पत्रकं त्यांच्याकडे छापायला नेई. माझ्या प्रत्येक ओळीला तीन उद्गारचिन्हं. काका तिन्ही काढून टाकत. "राग हाय तर शब्दात घाल. खिळे थोडे हायत."

त्यांच्या साप्ताहिकाचं नाव 'नाय'. मोहोपाड्याकडे एका जमिनीच्या दलालाने कोऱ्या कागदांवर अंगठे मागितले, तेव्हा भरसभेत एक म्हातारी उठून एवढंच बोलली, आणि सभा उठली. काकांनी तो शब्द आपल्याकडच्या सर्वांत जाड टायपात जुळवला. छप्पन साली बुद्धाला शरण गेल्यापासून 'जी साहेब' म्हणणं सोडलेल्या माणसाला दुसरं नाव सुचणार तरी कसं?

पुढे मराठी नियतकालिकांचा एक कोश निघायचा होता. त्यातल्या नोंदीचं मुद्रित काकांकडे तपासायला आलं : 'नाही (साप्ताहिक), कर्जत. स्थानिक अशुद्ध रूप : नाय.' काका स्टुलावर बसले. छापखान्यात त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. डोळे अधू झाले होते, दिवाळीनंतर पेपर बंद करायचं ठरलं होतं.

"म्हंजे माझी ही एकच ओळ ऱ्हाणार," ते म्हणाले. "आन् ती पन दुसऱ्याच्या नावानं."

मी तिथेच पत्रक खरडलं. शुद्धलेखनाच्या फडक्याने माणसं पुसणाऱ्यांनो, वगैरे. काकांनी ते छापलं नाही. कोशवाल्यांना कार्ड टाकलं, एकदा येऊन जा.

आला तो कोशाचा एक उपसंपादक, फार सभ्य. त्यानेच मी जास्त चिडलो. तो म्हणाला, ज्याने त्याने बोलीतलं नाव लिहिलं तर शोधणाऱ्याला पेपर सापडायचा कसा? काकांनी मान डोलावली. सापडायला पाहिजे हे बरोबर, मग चौकातच जाऊ, म्हणाले. चौकात हायवेच्या कडेला एका बाईंचा पेपरचा स्टॉल होता. काका मला घेऊन मागेच थांबले आणि साहेबांना एकट्याने पेपर मागायला लावला.

"बाई, 'नाही' आहे का?"

"काय नाय?"

"'नाही'. पेपर."

"नाही नाय," बाई म्हणाल्या. "नाय हाय. देऊ?"

साहेब इतके हसले की शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक टेंपोखालून डोकं काढून बघायला लागला. त्यांनी 'नाय'चा अंक घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

वर्षभराने कोश आला. काकांना दिसत नव्हतं, म्हणून मीच वाचला. 'नाय (साप्ताहिक), दहिवली, कर्जत.' 'अशुद्ध' गेलं होतं. मी नाचायच्या बेतात होतो, तर काका म्हणाले, "'नाही'खाली काय हाय बघ."

तिथे छापलं होतं : 'नाही : पाहा नाय.'

ते त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

त्यानंतर काका दोन वर्षं होते. घरी आलेल्या प्रत्येकाला, अगदी पोस्टमनलाही, बसवून ते कोश उघडायला लावत. आपल्या पेपरची नोंद त्यांनी कधी कुणाकडून वाचून घेतली नाही. वाचून घेत ती 'नाही'चीच.