आत्याचा ठेका

माझी आत्या मुलींच्या शाळेत कवायतीच्या बाई होती. शाळेत माइक होता, पण तिने तो कधी हातात धरला नाही. मैदानाच्या या टोकाला उभी राहून ती "एक" म्हणाली की त्या टोकाच्या मुलीचा हात वर जायचा, आणि कुंपणापलीकडच्या दवाखान्यातली नर्स खिडकी लावून घ्यायची. घरीही तोच आवाज. आतोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांचं बोलणं समासात लिहिल्यासारखं, बारीक आणि गरजेपुरतं. "तुझी आत्या माझ्याकडे मीठ मागते तेव्हा शेजारचे उठून डबा शोधतात," असं ते एकदा मला म्हणाले होते. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

निवृत्तीनंतर आत्याने वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वयस्कर मंडळींचा व्यायामाचा वर्ग सुरू केला. पहिल्या रांगेत निवृत्त पोस्टमास्तर, काटक, टी-शर्ट खोचलेले. भिंतीकडेला खुर्चीच्या पाठीला धरून शिवणवाल्या मावशी, त्यांच्या खुब्याचा सांधा नुकताच बदललेला. मधे बाकीचे. सगळ्यांचे हातपाय आत्याच्या आकड्यांवर हलायचे.

मग तिचा घसा बसला तो उठेना. डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं, तर स्वरतंतूंवर बारीक गाठी. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण काही आठवडे बोलणं पूर्ण बंद, आणि कुजबुजणंही बंद, कारण त्याने उलट जास्त ताण पडतो. आत्या गळ्यात दोरीने छोटी पाटी अडकवून फिरू लागली.

वर्ग बंद ठेवायला ती तयार नव्हती. आधी शिट्टी आणली. मंडळींना आपण रस्ता चुकीच्या ठिकाणी ओलांडल्यासारखं वाटायला लागलं. मग मी फोनवर व्यायामाची गाणी लावून दिली. ती विशीतल्या पोरांसाठी केलेली. तिसऱ्या मिनिटाला मंडळी धापा टाकत खुर्च्यांवर. संथ गाणी लावली तर एक आजोबा उभ्याउभ्या पेंगले. आत्याने पाटीवर लिहिलं, "मला माझा वेग पाहिजे."

तो वेग शोधत ती एकटीच वाद्यांच्या दुकानात गेली आणि येताना शाळेच्या दप्तरात मावेल एवढा एक कीबोर्ड घेऊन आली. दोन सप्तकांच्या बारीक पट्ट्या, वर आठ चौकोनी रबरी बटणं, बाजूला फिरवायच्या चार खुंट्या. तिने तो मोबाइलच्या चार्जरला जोडला. बटणं दिवाळखोर दुकानाच्या पाटीसारखी अर्धवट लुकलुकली. तिने पट्ट्या दाबल्या, बटणं दाबली, खुंट्या दोन्ही बाजूंना पिरगाळल्या. आवाज शून्य.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन तणतणत दुकानात. तणतणणं सगळं चालण्यात, अर्थात.

"बाई, यात बिघाड नाही," दुकानदार शांतपणे म्हणाला. "याला स्वतःचा आवाजच नसतो. हे फक्त निरोप देतं. कुठली पट्टी दाबली, किती जोराने दाबली, एवढंच. आवाज कॉम्प्युटर काढतो."

आत्या क्षणभर त्या डब्याकडे बघत राहिली. मग पाटीवर लिहिलं, "बिचारं." आणि तो छातीशी धरून घरी आली.

माझा जुना लॅपटॉप तिच्या जेवणाच्या टेबलावर गेला. कीबोर्डाबरोबर मिळालेला प्रोग्रॅम त्यात घातला आणि तार जोडली. पहिलं बटण दाबल्यावर "धप्प" आलं, पण बोट उचलल्यानंतर. आत्याने पुन्हा दाबलं. पुन्हा उशिरा. तिने आपला हात उलटसुलट करून पाहिला आणि लिहिलं, "वय झालं."

"वय नाही गं, सेटिंग आहे," मी म्हणाले. ते शोधायला माझी अर्धी संध्याकाळ गेली. एक आकडा कमी केला आणि "धप्प" बोटाखालीच उमटलं. आत्याचा जीव भांड्यात पडला. माझाही, कारण तिचा उतरलेला चेहरा मी याआधी कधी पाहिला नव्हता.

मग ठेका बसवणं. पडद्यावर सोळा चौकोनांची रांग. ज्या चौकोनावर खूण करू तिथे आवाज वाजणार, आणि रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी समजावायला तोंड उघडलं तर तिने हातानेच थांबवलं. सोळा मुली ओळीत उभ्या आहेत, कुणी टाळी वाजवायची एवढंच ठरवायचं. हे तर तिने आयुष्यभर केलं होतं. तिने चार मुलींना जाड ढोल दिला, अधल्यामधल्यांना खुळखुळा, आणि शेवटच्या मुलीला उगाचच एक घंटा. आतोबा पेपर वाचत होते. घंटा तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यांनी पेपर खाली केला. "शेवटची काढ," ते म्हणाले. "विनाकारण पूर्णविराम पडतोय."

घंटा काढली. ते खरंच बरं झालं.

वेगासाठी एक सोय होती. एकाच बटणावर पावलांसारखं टपटप करत राहिलं की यंत्र तो वेग धरायचं. आत्या वर्गाच्या दिवशी लॅपटॉप आणि कीबोर्ड घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पावलांवर बोट आपटत राहिली. पोस्टमास्तर टपटप आले. शिवणवाल्या मावशी कठड्याला धरून, त्यांच्या निम्म्या वेगाने.

तिने मावशींचा वेग लावला. पोस्टमास्तर तिसऱ्याच फेरीला थांबले.

"बाई, ही काय वरात आहे का?"

"माझं नका बघू," मावशी भिंतीकडून म्हणाल्या. "मी बसते हवं तर."

मावशी बसल्या. ते आत्याला लागलं. त्या दिवशी तिने वर्ग लवकर सोडला आणि घरी आल्यावर बराच वेळ नुसतं बटणांवर बोट फिरवत बसली. मग तिने ठेका पोस्टमास्तरांच्या वेगाला नेला, पण जाड ढोल एकाआड एक काढून तिथे खुळखुळा घातला. आता दोन्हींवर चाललं तर भरभर, नुसत्या ढोलावर चाललं तर सावकाश. वाजतंय एकच, आणि ढोलाच्या ठोक्याला पाय सगळ्यांचे एकत्रच पडणार.

राहिले आकडे. हात वर कधी, खाली कधी, हे कुणीतरी सांगायला हवं. बटणांवर माणसाचा आवाजही ठेवता येतो, हे मी सांगितलं. मी एकदा बोलून पाहिलं. आत्याने मान हलवली आणि बोट आतोबांकडे केलं.

"मी?" आतोबा म्हणाले. "छे."

पाटीवर: "शुद्ध बोलता."

हे त्यांना नाकारता येईना. चष्मा पुसून ते माइकपुढे बसले आणि मुद्रित वाचल्यासारखं म्हणाले, "एक. दोन. तीन. चार." 'हात वर' आणि 'हात खाली' त्यांनी मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटलं. सातवं बटण 'श्वास सोडा'. आठव्यासाठी आत्याने लिहिलं, "शाब्बास."

आतोबा म्हणजे चाळीसेक वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस. त्यांच्या तोंडून हा शब्द मी, माझ्या वडिलांनी, कुणीच ऐकलेला नव्हता. पहिल्यांदा खोकलाच आला. दुसऱ्यांदा आवाज इतका बारीक की यंत्राने दखल घेतली नाही. मग आत्याने पाटी उतरवून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी, ताठ. आतोबांनी तिच्याकडे पाहिलं.

"शाब्बास," ते म्हणाले. अगदी साधं, जवळ बसलेल्या माणसाला म्हणतात तसं.

ते एकदाच झालं आणि तेच ठेवलं.

वर्गात पहिल्या दिवशी "एक" ऐकून मंडळी खुसखुसली. "साहेब रागावलेत का?" कुणीतरी विचारलं. पण दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्या आवाजाची सवय झाली. मावशी ढोलावर पाऊल टाकत शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. आत्याने आठवं बटण दाबलं. मावशींनी हातरुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "परत लावा ना एकदा." पोस्टमास्तर तेव्हापासून त्या बटणासाठी जरा जास्तच वाकायला लागले.

आत्याचा आवाज परत आला तेव्हा तो थोडा खाली उतरलेला होता, खरबरीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोला, पण ओरडू नका. ती ओरडत नाही. आकडे आतोबाच म्हणतात, बटणातून. पाय कुठे ठेवायचा ते ती जवळ जाऊन हळू सांगते. आतोबा अधूनमधून वर्गाला येतात, मागे बसतात, आणि स्वतःचा आवाज आला की खिडकीबाहेर बघतात.

परवा संध्याकाळी गेले तर दार उघडंच होतं. आत्या टेबलाशी, एका बोटाने पट्ट्या चाचपत होती. तीन सूर पुढे, दोन मागे, पुन्हा तीन पुढे.

"कशासाठी बसवतेयस?" मी विचारलं.

"कशासाठी नाही," ती म्हणाली. "बघतेय."

आतोबा आतून म्हणाले, "मधला बरोबर वाटत नाही."

"माहितेय," आत्या म्हणाली, आणि शेजारची पट्टी दाबून पाहिली.