मेल माझ्याच नावानं जाईल

"सांगायला काय झालं होतं तुला?" हॉस्पिटलचा कारभार बघणारे साहेब ओरडले. डायलिसिसच्या हॉलबाहेर, सगळ्या नातेवाइकांसमोर. कन्हानहून आलेले आजोबा बाकावर बसले होते. पाय सुजलेले. त्यांचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याच्या बापाचं डायलिसिस मीच अडवलंय.

मशिनी बंद होत्या. पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलं होतं, आणि तसलं पाणी माणसाच्या रक्ताजवळ नेता येत नाही. हे मी आदल्या दुपारीच कळवलं होतं. मेलनं. कारण धंतोलीतल्या आमच्या हॉस्पिटलचा नियमच तसा, तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही.

"सर, मेल केला होता."

साहेबांनी मोबाइल काढला. बोट फिरवलं. मेल सापडला, जंकमध्ये, फालतू मेलांच्या ढिगात. मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. ते हसले.

"बघा, कॉम्प्युटरलाही कळतं कोणाचं वाचायचं आणि कोणाचं नाही."

दोघं-तिघं हसले. मी मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याचा मला आजही राग येतो, साहेबांच्या रागापेक्षा जास्त.

आजोबांना दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. जाताना मुलगा म्हणाला, "ताई, कोणाले एक फोन तरी करायचा होता."

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दादाला गाठलं. "माह्ये मेल काहून जंकमध्ये जातेत गा?"

"तुह्येच नाही वं, सगळ्या कंत्राटवाल्यांचे जातेत. पर्मनंट लोकायले हॉस्पिटलचा आयडी हाय. तुमी आपापल्या घरच्या आयडीवरून पाठवता, तं सिस्टम तुमाले बाहेरचं समजते."

"मंग आमालेही दे ना."

"देतो ना. हातासरशी होते. पण साहेबाची परवानगी पायजे."

किती वर्षं झाली, मी इथं लोकांच्या रक्ताच्या नळ्या जोडते. आणि मी बाहेरची. साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "कंत्राटी लोकांना कशाला आयडी? आज आहात, उद्या नाही. तू असं कर, ऑफिसातल्या मॅडमच्या आयडीवरून पाठवत जा. खाली नाव त्यांचंच राहू दे."

माझा बाप उमरेडला मागावर बसायचा. लुगडं तो विणायचा, शिक्का दुकानदाराचा लागायचा. कोणी त्याचं नाव विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

साहेबांसमोर मी नेहमी पुस्तकी बोलते. त्या दिवशी तोंडात घरचीच भाषा आली.

"नाही सर. काम माह्यं आन् नाव दुसऱ्याचं, हे होणार नाही. मले माह्या नावाचा आयडी पायजे."

"नीट बोल."

"नीटच बोलून राहिली."

नोकरी जाऊ शकते हे मला कळत होतं. घर माझ्याच पगारावर चालतं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

साहेबांनी आवाज उतरवला. "बरं. तुझ्या एकटीचं करून देतो. बाकीच्यांना सांगू नकोस."

बाकीचे म्हणजे कोण? ऑक्सिजन संपत आला की कळवणारी सिस्टर. औषधांच्या खोलीतला भाऊ. सगळे कंत्राटी. त्यांचेही मेल जंकमध्येच पडून होते, न वाचलेले.

"एकटीचं नको," मी म्हटलं आणि बाहेर आले.

परवानगी अजून आलेली नाही. मी मेल करते, माझ्याच नावानं. पण यापुढे पाणी बिघडलं की मेल करून थांबणार नाही. हॉलबाहेर, त्याच बाकांसमोर, जिथं मान खाली घातली तिथंच उभी राहून मोठ्यानं सांगणार. पाणी खराब आहे. मी कळवलंय. आधी माझं नाव सांगणार, मग ज्यांना कळवलं त्या साहेबांचं.