बॅटरीच्या रॅकचे बोल्ट

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना ॲसिडचा वास आला, की मला सोलापुरातल्या एका दवाखान्याची बॅटरीची खोली आठवते. तिथं बॅटऱ्या बसवायच्या कामावर साहेब मी होतो. घाईपायी मी रॅक जमिनीला न आवळताच वरची रांग भरायला लावली. कुंभारी गावचा फिटर म्हणाला, "सायेब, आदी बोल्ट मारू, मग खालची रांग. कलंडंल की." "तू शिकवणार मला?" मी म्हणालो. रॅक खरंच कलंडला. त्यानं खांद्यावर तोलून धरला, म्हणून खालची दोन माणसं वाचली. एक बॅटरी मात्र फुटली. अहवालात मी चूक त्याच्यावर ढकलली. त्यानं तो शांतपणे वाचला. "सही करतो, पन बोल्ट मारल्याबिगर कुनाला रॅकला हात लावू देऊ नका," एवढंच म्हणाला. त्याचं काम गेलं. जाताना सगळे बोल्ट तोच आवळून गेला. चूक माझी होती.